अक्कांची भूक

कुणाकडे जेवायचं आमंत्रण असलं, की आमच्या शेजारच्या अक्का आधी घरी पोटभर जेवून मग निघत.

मला हे कळलं माझ्या मुलीच्या बारशाला. साडेबारा वाजले, पानं मांडून झाली, तरी अक्कांचा पत्ता नाही, म्हणून बोलवायला गेले. दार उघडंच होतं. अक्का स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसलेल्या. अंगावर ठेवणीतली जांभळी साडी, नाकात नथ, आणि पुढ्यात परात. परातीत चार भाकऱ्या, पिठलं आणि बुक्कीनं फोडलेला कांदा.

"अहो अक्का, आमच्याकडे पंगत बसतेय!"

"आले की. तू हो म्होरं."

"पण हे काय मग?"

"तुझ्याकडं जेवायला यायचं म्हंजे पोटाला जरा आधार नगं व्हय?"

मला वाटलं, गंमत करतायत. दहा मिनिटांत त्या आल्या, ओटीचं सामान दिलं, पाळण्याशी दोन ओळी म्हटल्या आणि पानावर बसल्या. दोन पुऱ्या, चमचाभर श्रीखंड, चिमूटभर भात. "बास गं बाई, लय झालं," म्हणून हात आडवा. माझी नणंद म्हणाली, "किती कमी जेवता हो तुम्ही!" त्यावर अक्का नव्या नवरीसारख्या लाजल्या. चार वाजता मात्र स्टीलचा मोठा डबा घेऊन हजर. "उरलंय का गं काय? म्हशीला घालते."

नेरूळमध्ये, चौथ्या मजल्यावर, म्हैस कुठून आली हे विचारायचं मला त्या गडबडीत सुचलं नाही. मी डबा भरून दिला.

अक्कांचं नाव शालन. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं, पाटणच्या आतल्या बाजूचं. नवरा शंकरराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. दिवसभर पोती उचलणारा हा माणूस घरी शब्द उचलत नसे. एकुलती एक मुलगी प्राजक्ता, तेव्हा शाळेत. आमची इमारत जुनी, बिनलिफ्टची, आणि चौथ्या मजल्यावर समोरासमोर आमची दोन घरं.

गॅसवाला सिलिंडर खालीच टेकवून हाका मारायचा. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या सगळ्या बायका मग अक्कांना हाक मारायच्या. अक्का पदर खोचून खाली जात, भरलेली टाकी खांद्यावर घेत आणि मध्ये न थांबता वर येत. वर आल्यावर दमलेल्याही नसत. त्यांच्या दंडांवर आणि पोटऱ्यांवर शिरा दोरीसारख्या उठलेल्या होत्या. चेहरा मात्र गोल, हनुवटीखाली वळी. तोंड बघितलं तर खात्यापित्या घरची बाई, आणि हात बघितले तर तालमीतला गडी. कुणीतरी विचारलंही, "अक्का, जिम लावलंय का?"

"व्हय की. लाल रंगाचं हाय. चौदा किलो गॅस भरून येतंय."

आम्ही चार-पाच जणी सकाळी तळ्याकाठी फेऱ्या मारायला जायचो, आणि परतताना वडापावच्या गाडीवर थांबायचो. अक्कांना हे फार करमणुकीचं वाटे. जिन्यात गाठ पडली की माझा दंड चिमटीत धरून म्हणत, "ह्ये बघ. लोण्याचा गोळा. माझ्या अंगावर दाव बरं, चरबीचा ठिपका दाव!" खरंच नव्हता. मी दर महिन्याला एक नवं डाएट धरत आणि सोडत होते. मला त्यांचा हेवा वाटायचा. परातभर खाऊन ही बाई अशी कशी राहते, हा आमच्या फेऱ्यांमधला कायमचा विषय होता.

अक्का तळोज्याला एका कंपनीत पॅकिंगला होत्या. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भात हवा तितका घ्यायची मुभा होती. अक्का लागल्यानंतर तीन महिन्यांत भिंतीवर पाटी लागली: 'भात फक्त दोन वेळा घ्यावा.' हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, साऱ्या कंपनीला ठावं हाय पाटी कुनासाटी हाय! ट्रकाला स्कूटरचं पेट्रोल पुरतंय व्हय?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दुसरं नेहमीचं म्हणजे "चालतंय की." काहीही झालं, पाणी गेलं, बस चुकली, बोट कापलं, तरी चालतंय की.

एका रविवारी भर दुपारी मी गच्चीवर पापड वाळत घालायला गेले. टाकीच्या मागच्या सावलीत कुणीतरी बसल्यासारखं वाटलं, म्हणून डोकावले. अक्का होत्या. मांडीवर फडकं, फडक्यात कालच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. दोन्ही हातांनी खात होत्या. मला बघितलं आणि सगळं पदराखाली घेतलं.

"अक्का, इथे कशाला बसलात?"

"पोरगी बोलती गं. आई, किती खातेस, म्हनती. हे बी बघत्यात. बोलत न्हाईत, पर बघत्यात."

"भूक लागली तर खायचं. त्यात काय एवढं?"

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. "भूक लागत न्हाय गं मला. ती जातच न्हाय. जेवून हात धुतला, की पुन्यांदा तितकीच. लगीन झाल्यापासनं. कुनाला सांगू नगंस."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीला गेल्यावर सगळ्यांना सांगितलं. अगदी नक्कल करून, दोन्ही हातांनी. 'गच्चीवरची म्हैस' हे नाव माझंच. आम्ही खूप हसलो. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं सांगताना माझी जागा कुठे होती हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

त्या वर्षी दिवाळीनंतर अक्कांच्या पोटात दुखायला लागलं. बरगड्यांखालून पाठीपर्यंत जायचं, उलट्या व्हायच्या. दोन दिवसांनी आपोआप थांबायचं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. मी वाशीला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. अक्का मला गमतीनं 'रक्तवाली' म्हणत. साहजिकच त्या माझ्याकडे आल्या, सकाळी सात वाजता, उपाशीपोटी.

रक्ताची नळी मशीनमध्ये फिरवली, की तांबडं खाली बसतं आणि वर पिवळसर, स्वच्छ पाणी उरतं. अक्कांच्या नळीत वर दूध होतं. अगदी म्हशीच्या दुधासारखं, दाट पांढरं. भरपूर तेलकट खाऊन लगेच आलेल्या माणसाचं असं थोडंफार होतं. मी फोन लावला.

"अक्का, खाऊन आलात ना?"

"न्हाय गं. रातीपासनं पान्याचा घोट न्हाय."

"रक्त सांगतंय ना पण. उद्या पुन्हा या, आणि काहीही खाऊ नका."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध. मी म्हटलं, अक्का, असं कसं चालेल? तिसऱ्या दिवशी त्या शंकररावांनाच साक्षीला घेऊन आल्या. "इचार ह्यांना. इचार, मी काय खाल्लं का."

शंकररावांनी खाली बघितलं. "मी झोपलो व्हतो," ते म्हणाले.

अक्का नवऱ्याकडे बघत राहिल्या. बाकावर आठ-दहा पेशंट बसले होते. मला उशीर होत होता, आणि खरं सांगायचं तर गच्चीवरचं फडकं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "अक्का, इथे तरी खरं बोला."

त्यांनी "चालतंय की" म्हटलं नाही. कोपरावर कापूस दाबून धरला आणि निघून गेल्या. रिपोर्टवर शेरा लिहायची जागा असते. चरबीचा आकडा मशीनच्या मापात बसत नव्हता. मी शेरा लिहून लॅबच्या सरांपुढे ठेवला: 'रुग्ण उपाशी नसावा.' त्यांनी बघून सही केली.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तो शेरा वाचला आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. तेल कमी करा, खाणं कमी करा, असं सांगितलं. तिथून चार-पाच महिने गेले. शिमग्याच्या सुमारास अक्का स्वयंपाकघरातच कोसळल्या. या वेळी त्यांना ॲडमिट करावं लागलं. स्वादुपिंडाला सूज आली होती. सोनोग्राफीत यकृत चरबीनं भरलेलं दिसलं, आणि नुसतं भरलेलं नाही, कडक होत चाललेलं. राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी फाईलवरून नजर न उचलता विचारलं, "रोज किती घेता?"

"काय घेते?" अक्कांनी विचारलं.

"दारू."

शेजारच्या खाटांवरच्या बायकांनी माना वळवल्या. अक्कांचा गोल चेहरा आधी पांढरा पडला, मग काळवंडला. "अवो, तंबाकूची मशेरी बी लावत न्हाय मी," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी 'नाकारते' असं काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

दोन दिवसांनी शंकररावांनी मला जिन्यात गाठलं. मार्केटातून आले होते, शर्टाला कांद्याच्या साली चिकटलेल्या. बराच वेळ कठड्याचा रंग नखानं खरवडत उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, तुमी शेजारी ऱ्हाता. तुमाला... कदी वास आला का?"

"कसला?"

त्यांनी अंगठा ओठांशी नेला. मला कळलं. "नाही हो शंकरराव," मी म्हटलं, "असं काही नाही." पण माझा आवाज हवा तितका ठाम नव्हता. त्या बाईवर विश्वास न ठेवायची आम्हा सगळ्यांनाच सवय लागली होती.

घरी सोडल्यावर त्यांना दुसऱ्या हॉस्पिटलात दाखवायचं ठरलं. कागद वाचायला कुणीतरी हवं म्हणून मी सोबत गेले. मनाला काहीतरी टोचत होतंच. ॲडमिट असताना दोन दिवस फक्त सलाईनवर होत्या, तोंडात अन्नाचा कण नव्हता, तरी रक्त ढगाळच होतं, हे मी त्या फाईलमध्ये वाचलं होतं.

ही डॉक्टर तरुण होती, जेमतेम पस्तिशीची. तिनं फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मावशी, साडी जरा गुडघ्यापर्यंत वर घ्या." मग पोटऱ्या बघितल्या, दंड बघितले, मांडीची कातडी चिमटीत धरून पाहिली. तशीच चिमूट अक्का माझ्या दंडाला काढत असत. डॉक्टरच्या चिमटीत नुसती कातडी आली, कागदासारखी.

"भूक कशी आहे?" तिनं विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. "बरी हाय."

"खरं सांगा. जेवल्यावर जाते का?"

या प्रश्नावर कुणी हसलं नव्हतं, हे अक्कांच्या ध्यानात यायला वेळ लागला. "न्हाय," त्या हळूच म्हणाल्या. "कदीच न्हाय जात."

मग त्या डॉक्टरनं समजावून सांगितलं. मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. आपल्याला वाटतं अंगावरची चरबी म्हणजे नुसती साठवण. तसं नसतं. चरबी सारखी रक्तात काही प्रथिनं सोडत असते. त्यातलं एक मेंदूला जाऊन सांगतं, पुरे झालं, आता थांब. दुसरं यकृताला सांगतं, आलेलं तेल जाळ, साठवून ठेवू नकोस. अक्कांच्या हातापायांच्या कातडीखालची चरबी वयात येतानाच विरून गेली होती. जन्मजात दोष. त्यामुळे ही प्रथिनं पुरेशी तयारच होत नव्हती. पुरे म्हणणारं कुणी नाही, म्हणून भूक जात नाही. आणि खाल्लेल्या तेलाला राहायला जागा नाही, म्हणून ते रक्तात फिरतं आणि शेवटी यकृतात जाऊन बसतं.

"नावं काय म्हनली त्यांची?" अक्कांनी विचारलं.

"लेप्टिन. आणि ॲडिपोनेक्टिन."

"अडीपोनी," अक्का म्हणाल्या. "अडीच पोळ्या झाल्या की थांबवती, म्हून आसंल नाव." डॉक्टर हसली, मीही हसले. अक्का हसत नव्हत्या. "म्हंजे बाई, मला चरबी पायजे व्हती?"

"थोडी हवी होती, हो."

"आन् मी हिला चिमटं काढायची." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दारूचं मग काय?"

"दारूचा काही संबंध नाही, मावशी. आणि तुम्ही जास्त खाता हा तुमचा दोष नाही. भूक खरी आहे."

आजवर एवढंही कुणी म्हटलं नव्हतं. अक्कांनी पदराचं टोक तोंडात धरलं. डॉक्टरनं जरा थांबून विचारलं, "आई आहे?"

"न्हाय. लवकर गेली. पोट फुगून."

"कशानं?"

"दारू प्यायची. चोरून."

"तुम्ही पाहिलं होतं?"

"गाव म्हनायचं."

"हातपाय कसे होते त्यांचे?"

अक्कांनी स्वतःचा हात टेबलावर ठेवला. शिरा वर आलेल्या. त्या हाताकडेच बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ह्योच."

औषधांची यादी मिळाली. रक्तातली वाढलेली साखर आणि चरबी उतरवायची. खाणं तोलून-मापून, तेल जवळजवळ बंद. ते पुरे म्हणणारं प्रथिन बाहेरून टोचायचं औषध जगात आहे, पण इथल्या दुकानात मिळत नाही, आणि यकृत आता बरंच पुढे गेलंय, हेही डॉक्टरनं लपवलं नाही. "थोडं आधी कळायला हवं होतं," ती म्हणाली. मी खुर्चीत अंग चोरून बसले होते. शेवटी तिनं मुलीची चौकशी केली. हा दोष आईकडून येतो, कधी येतो, कधी येत नाही, अर्धं-अर्धं. मुलीचं रक्त एकदा बघून घ्या.

बाहेर बसस्टॉपवर आम्ही दोघीच होतो. ऊन होतं. मी म्हटलं, "अक्का, मी तुमचं खरं मानलं नाही. तीन वेळा. तो शेरा मीच लिहिला होता." हे वाक्य मी आतून बाहेर येईपर्यंत चार वेळा मनात जुळवलं होतं.

त्यांनी ऐकलं की नाही कळेना. समोर बघत त्या बोलायला लागल्या. "आय गोठ्यात बसून खायची. मी सात-आठ वर्सांची आसंल. एकदा वासराला बघाया गेले तर ही गव्हाणीमागं बसून भाकरी खाती. मला बघून हसली. तोंडावर बोट ठिवलं. मी पळत जाऊन आज्जीला सांगितलं. मला वाटलं, आज्जी शाबासकी देईल. आज्जीनं भाकरीच्या दुरडीवर झाकण बांधलं, घराला कुलूप घालून रानात जाया लागली. मग आय पेंड खायची. म्हशीची पेंड. त्ये बी मीच सांगितलं."

बस आली. आम्ही चढलो नाही.

"पोट फुगलं तवा लोक म्हनले, पीती. मला बी तसंच वाटलं. मी तिच्या ताटाला ताट लावून कदी बसले न्हाय. मला कदी बोलली न्हाय ती. फकस्त एकडाव म्हनली, शाले, तुला लागंल तवा कळंल. मी म्हनलं, शाप दिला आयनं. लगीन झाल्यावर भूक वाढाया लागली, तवा बी मला वाटायचं, शापच हाय." त्यांनी नाक ओढलं. "शाप न्हवता गं. सांगत व्हती ती मला."

मी विचारलं, "आज आई असती तर काय केलं असतंत?"

"काय करायचं? ताट वाढलं असतं. म्होरं बसले असते. ती उठस्तवर उठले नसते."

प्राजक्ताला त्यांनी पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे आणलं. पोरगी पंधरा वर्षांची, हातात मोबाईल, मनगटाच्या वर एक निळी शीर ठळक. "आई, टेन्शन नको घेऊ गं, मला काय नाय झालेलं," असं म्हणत तिनं हात पुढे केला. टाकी खांद्यावर घेणाऱ्या अक्का तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. नळी मशीनमधून बाहेर काढली. दूध नव्हतं. पण स्वच्छही नव्हतं. धुक्यातल्या काचेसारखं होतं. मी ते अक्कांना दाखवलं, काहीही न लपवता. त्यांनी नळी उजेडात धरून पाहिली. "तू हिला उपाशी न्हाय असं म्हननार न्हाईस ना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

त्यानंतर अक्का वर्षभर होत्या. नोकरी सुटली. पोटात पाणी भरायचं, ते काढायला जावं लागायचं. हातपाय आणखी वाळले. सिलिंडर आता खालचा वॉचमन वर आणतो. भूक शेवटपर्यंत गेली नाही. मापाचं जेवण संपलं की त्या ताटासमोर तशाच बसून राहायच्या, बोटानं ताटात रेघा ओढत. एकदा मी गेले तेव्हा मला म्हणाल्या, "पोट बोलावतंय, आन् मी जात न्हाय. आसं झालंय बघ." एका सकाळी रक्ताची उलटी झाली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं. त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. तेराव्याला गावाकडून आलेल्या दोन बायका जिन्यात कुजबुजत होत्या, आईसारखंच झालं म्हणे हिचं. शंकरराव तिथे पत्रावळी घेऊन उभे होते. ते म्हणाले, "व्हय. दोघीस्नी आजार व्हता." एवढंच म्हणाले आणि वाढायला गेले. बायकोच्या बाजूनं त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

प्राजक्ता आता कॉलेजात जाते. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला येते. वेळेत कळल्यामुळे तिचं यकृत अजून ठीक आहे, डॉक्टर म्हणतात नीट सांभाळलं तर ठीक राहील. आईची ती न जाणारी भूक मात्र लागलीय तिला. हे तिनं मला स्वतः सांगितलं, नळीवर तिचं नाव लिहीत होते तेव्हा. मी मान डोलावली आणि लिहीत राहिले.

परवा तिचा रिपोर्ट द्यायला संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. प्राजक्ता जेवत होती, तोलून वाढलेलं, दीड भाकरी, भाजी, वरण. शंकरराव तिच्यासमोर बसले होते. त्यांचं जेवण झालेलं दिसत होतं, ताट सुकलं होतं, हातही. मी दारातच थांबले. प्राजक्ताचं ताट संपलं. ती उठली नाही. मान खाली घालून बसली. तिला अजून तितकीच भूक होती, हे मला दारातूनही दिसत होतं.

शंकरराव बोलायला लागले. "आज नगरचा कांदा आला. ओला. पोतं उचललं का पानी गळतंय. आमचा मुकादम म्हनला, शंकर, आंघूळ करून आलास का काय..."

"मग?" प्राजक्ता म्हणाली.

"मग काय. तीन गाड्या तसल्याच. चवथी गाडी आली जुन्नरची, त्ये बटाटं व्हतं..."

मी रिपोर्ट दारामागच्या फळीवर ठेवला. घड्याळात आठ वाजून गेले होते. शंकरराव आता चौथ्या गाडीवरून पाचव्या गाडीवर आले होते. आयुष्यात कधी न बोललेला माणूस शब्द शोधत, अडखळत, पोत्यामागून पोतं उतरवावं तसा बोलत होता, आणि मुलगी उठेपर्यंत उठत नव्हता.